अंग चोरणारा मुकादम

कागदावर एकच ओळ होती. वेतवाल्यांनी ती डॉक्टरीणबाईंना पाठ म्हणून दाखवली. वेतवाल्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि शेजारणीकडून ती ओळ त्यांनी इतक्या वेळा वाचून घेतली होती की शेवटी शेजारीण म्हणाली, आता तुम्हीच मला वाचून दाखवा.

“‘कुत्रा कामात अंग चोरतो.’ एवढंच. खाली सही.”

ज्याच्यावर हा ठपका आला होता तो त्यांच्या पायाशी हनुवटी टेकून बसला होता. फिकट पिवळ्या रंगाचा, रुंद कपाळाचा, सात वर्षांचा कुत्रा. नाव मुकादम. आंधळ्या माणसाला रस्त्याने न्यायचं शिक्षण त्याला एका शाळेने दिलं होतं आणि पाच वर्षांपूर्वी त्याला वेतवाल्यांच्या हाती सोपवलं होतं. वेतवाले म्हणजे खुर्च्यांच्या बैठका वेताने विणणारे. सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची. कुत्रा मात्र कागदोपत्री अजून शाळेचाच होता. दर वर्षी शाळेच्या तपासनीस बाई यायच्या, दोघांना रस्त्यावर चालवून बघायच्या आणि लिहून जायच्या. यंदा त्यांनी हे लिहिलं होतं. दोन महिन्यांनी त्या पुन्हा येणार होत्या. तेव्हाही असंच दिसलं तर मुकादमला परत नेणार आणि कुठल्या तरी चांगल्या घरी पाळायला देणार.

“चांगल्या घरी म्हणे,” वेतवाले म्हणाले. “म्हणजे माझं घर वाईट!”

“दुसरा नाही का देणार?” टेबलामागून वन्संनी विचारलं.

“देतील ना. नंबर लावायचा. चार वर्षं लागतात. मी आज एकसष्टचा. पासष्टच्या माणसाला नवा कुत्रा द्यायचा का, यावर मग त्यांची बैठक बसेल.” वेतवाल्यांनी मुकादमच्या कानामागे बोटं फिरवली. “पोटाचं अडत नाही हो. खुर्च्या लोक घरी आणून टाकतात. पण पाच वर्षं मी मनात येईल तेव्हा उठतो आणि मनात येईल तिथे जातो. आता पुन्हा कुणाचा दंड धरून, ‘जरा तिकडे सोडता का’ म्हणत उभं राहायचं? नको वाटतं.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, मग लक्षात येऊन तोंडाने “हं” म्हणाल्या.

त्यांचा दवाखाना दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत बाक, टेबल आणि टेबलामागे वन्सं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची थोरली बहीण. वन्सं शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाल्या आणि घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून इथे येऊन बसल्या. मांजरांनाही त्या ‘अहो-जाहो’ करायच्या आणि मांजरांच्या मालकांना फटकारायच्या. आतल्या खोलीत उंच टेबलाऐवजी जमिनीवर जाड रबरी चटई होती. एका भिंतीला एक्स-रे बघायचा दिवा आणि औषधांचं कपाट. दुसऱ्या भिंतीला वाळलेल्या मुळ्यांच्या आणि पाल्याच्या बरण्या, बारीक सुयांचे डबे. मागच्या कोपऱ्यात काचेची टाकी, तिच्या तळाला सरकता पट्टा. टाकीत कोमट पाणी सोडायचं आणि दुखऱ्या पायांच्या कुत्र्यांना पाण्यात चालवायचं.

बाई काही नुसत्या मुळ्या उगाळणाऱ्या नव्हत्या. पंधरा वर्षं त्यांनी चिरफाड, इंजेक्शनं, टाके सगळं केलं होतं आणि वेळ आली तर अजूनही करत होत्या. पण मध्येच कधीतरी त्यांना वाटायला लागलं, की आपण पाय बघतो, कान बघतो, पोट बघतो, पण जनावर बघतच नाही. मग चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा शिकायला गेल्या. सुया टोचायला शिकल्या, अंग चोळायला शिकल्या, कुणाला काय खायला घालायचं ते शिकल्या. गावातले इतर जनावरांचे डॉक्टर त्यांना सुईबाई म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण वन्संच्या कानांवर सगळं यायचं.

“अख्खं जनावर बघायचं,” हे बाईंचं पालुपद. पहिल्या खेपेला तासभर नुसत्या चौकशा. झोपतो कुठे? कोणत्या कुशीवर? कुणाला घाबरतो? खाताना आधी काय उचलतो? आणि दवाखान्याचा एक नियम होता: दारातून आत येताना जनावराच्या अंगावरचं सगळं उतरवायचं. पट्टा, घुंगरू, स्वेटर, रेनकोट, जे असेल ते. त्यासाठी दाराशी खुंट्यांची रांग होती. जनावर देवाने दिलं तसं आत यायला हवं. मुकादमच्या अंगावर चामड्याचा साज होता, छातीवरून आणि पोटाखालून घेतलेला, आणि त्याला पाठीवर जोडलेली दांडी. ती दांडी डाव्या हातात धरून वेतवाले चालायचे. वन्संनी तो सगळा साज उतरवून चौथ्या खुंटीला टांगला.

बाईंनी चटईवर बसून मुकादमच्या मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला. खांद्यांच्या जरा मागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना हात येताच कुत्र्याने पाठ खाली घेतली, बरगड्या आत ओढल्या आणि आवाज न करता बाजूला सरकला.

“वेतवाले, तुमच्या तपासनीस बाई खोटं बोलल्या नाहीत,” बाई म्हणाल्या. “हा अंग चोरतोच. पण कामचुकार माणूस अंग चोरतो ते वेगळं. दुखऱ्या जागी हात लागू नये म्हणून जनावर अंग चोरतं ते वेगळं. शब्द एकच आहे. त्यांनी पहिला अर्थ धरला, मी दुसरा धरते.”

वेतवाले इतका वेळ ताठ बसले होते. त्यांचे खांदे एकदम खाली आले. “म्हणजे आळशी नाही तो?”

“आळशी? याच्या पाठीचे स्नायू बघा, ओल्या दोरासारखे पीळ पडलेत. अशा पाठीने हा रोज कामाला येतो. मी तर रजाच टाकली असती.”

“तुम्ही कसल्या टाकताय?” वन्सं म्हणाल्या. “गेल्या वर्षी ताप अंगात घेऊन डुकराचं बाळंतपण करून आलात.”

बाईंनी आधी एक्स-रे काढला. हाडं स्वच्छ निघाली. मग पाच दिवसांच्या वेदनेच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर द्यायच्या. दोन किलो वजन उतरवायला सांगितलं. कण्याच्या दोन्ही अंगांना बारा सुया टोचल्या. सुया लागल्यावर मुकादमने एक लांब सुस्कारा सोडला आणि तो चक्क घोरायला लागला. वीस मिनिटांनी पाण्याच्या टाकीत चालला तेव्हा पाठ सरळ, शेपटी वर, चाल रेशमासारखी.

“झालं की काम!” वन्सं म्हणाल्या.

काम झालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मुकादम आला तो पुन्हा पाठीला तसाच पीळ घेऊन. पुन्हा सुया, पुन्हा शेक, पुन्हा पाणी. जाताना नवरदेवासारखा गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. बाईंनी सुयांच्या जागा बदलल्या, तेल बदललं, बिछाना बदलायला लावला, पाण्याचं भांडं उंचावर ठेवायला सांगितलं. पाच आठवडे असे गेले. गल्लीतली बातमी वन्संनी आणलीच: पलीकडच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणत होते की सुईबाई आता कुत्र्याची उशी करून सोडणार.

“इथून निघतो तेव्हा छान असतो हो,” वेतवाले म्हणाले. त्यांच्या आवाजातला धीर सुटत चालला होता. “पण बाजाराच्या वळणापर्यंत पोचलो की पुन्हा मागे पडायला लागतो. दांडी हातात असते आणि कुत्रा दांडीखालून पळू बघतो, असं वाटतं. बाई, तीन आठवडे राहिले. खरं सांगा. त्याला माझा कंटाळा तर नाही आला?”

हा प्रश्न बाईंना पुस्तकातल्या कुठल्याच पानावर भेटला नव्हता. त्या उठल्या, दाराशी गेल्या, चौथ्या खुंटीवरचा साज काढला आणि त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने तो मुकादमच्या अंगावर चढवला.

“वन्सं, तुमचा रुमाल द्या.”

“नाक पुसायला?”

“डोळे बांधायला.”

वन्संनी रुमाल बांधला. एवढंच नाही, तर दोन गाठी मारल्या. मग बाईंनी डाव्या हातात दांडी धरली, “चल मुकादम” म्हणाल्या आणि डोळे बांधून दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या. वन्सं मागून ओरडत होत्या, “वहिनी, डावीकडे गटार आहे! वहिनी, सायकल! अहो, निदान बूट तरी घाला, चपलेवर निघालात!” पण मुकादमला हे सगळं ठाऊक होतं. गटारापाशी तो उजवीकडे सरला. सायकलपाशी थांबला. कुणीतरी रस्त्यात ठेवलेल्या बादलीला त्याने असा वळसा घातला की बाईंना ती बादली तिथे होती हे वन्संनी सांगितल्यावर कळलं. बाजाराचं वळण आलं, गेलं. कुत्रा ना मागे पडला, ना त्याने पाठ खाली घेतली. दांडी पूर्ण वेळ बाईंच्या मुठीत हलकी तरंगत होती.

परत येऊन त्यांनी रुमाल सोडला आणि पायरीवरच बसल्या. चेहरा असा, की वन्संना वाटलं चक्कर आली.

“वन्सं, मी मूर्ख आहे.”

“असाल. पण आज काय विशेष?”

“अख्खं जनावर बघते म्हणून गावभर मिरवते, आणि अर्धं जनावर पाच आठवडे खुंटीला टांगून ठेवलं! हा कुत्रा दांडीशिवाय पुराच होत नाही. आणि दांडी...” त्या थांबल्या आणि आत बाकावर बसलेल्या वेतवाल्यांकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी वेतवाल्यांना उठवलं. दांडी त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्या मुठीखाली स्वतःचा तळवा घातला. “चला. नेहमीसारखे चाला. मी शेजारून येते.”

चार पावलांत कळलं. वेतवाल्यांचा उजवा पाय जमिनीला टेकला की त्याच क्षणी डाव्या मुठीचं वजन खाली यायचं. थोडंथोडकं नाही, बाईंची बोटं चेपत होती. एक पाऊल हलकं, एक पाऊल जड. हलकं, जड. ते सगळं वजन दांडीतून साजात आणि साजातून मुकादमच्या पाठीवर, बरोबर त्या दोन पिळांच्या जागी उतरत होतं. बाईंनी खाली बघितलं. उजव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने पार झिजून तिरकी झाली होती.

“गुडघा कधीपासून दुखतोय?”

“कुणाचा?”

“मुकादमचे गुडघे ठणठणीत आहेत.”

वेतवाल्यांनी उजवा पाय मागे घेतला. मग म्हणाले, “वयाप्रमाणे असतं थोडं.”

“वेतवाले, अंग चोरतोय तो हा नव्हे. अंग तुम्ही चोरताय. स्वतःच्या पायावरून उचलून त्याच्या पाठीवर टाकताय. तो बिचारा तुमच्या ओझ्याखालून सटकायला बघतो आणि नाव त्याचं खराब होतं.”

बोलून गेल्यावर बाईंना कळलं की आपण जरा जास्तच बोललो. वेतवाल्यांचा चेहरा लाल झाला. “मी त्याला पाच वर्षं पोरासारखं सांभाळलं,” ते म्हणाले. “वेळेला स्वतः उपाशी राहिलो आणि त्याला घातलं. आणि तुम्ही म्हणता मी त्याला... तुमच्या सुयांना गुण नाही, म्हणून माझ्यावर ढकलता होय? चल रे.” आणि ते निघून गेले. हलकं, जड, हलकं, जड, असे खिडकीतून दिसेनासे होईपर्यंत.

“छान,” वन्सं म्हणाल्या. “जनावरांशी कशा गोड बोलता! माणूस आला की जिभेला काटे फुटतात.”

“तुमच्याच हाताखाली शिकले.”

“माझ्यावर नका ढकलू. आज ढकलाढकली पुष्कळ झाली.”

दोन दिवस वेतवाल्यांचा पत्ता नव्हता. बाई वरवर काम करत होत्या, सशाचे दात घासत होत्या, पोपटाची नखं कापत होत्या, पण दार वाजलं की मान वळायची. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायला गेल्या, तर पायरीवर वेतवाले बसलेले आणि मुकादम त्यांच्या शेजारी. साज कुत्र्याच्या अंगावर नव्हता, वेतवाल्यांच्या मांडीवर होता.

“दोन दिवस भिंतीला धरून चाललो,” ते म्हणाले. “याला मोकळा सोडला होता. याच्या पाठीवर मी हात फिरवून बघितला. आज पीळ नाही.” बराच वेळ ते साजाच्या चामड्यावरून अंगठा फिरवत राहिले. “दोन वर्षं झाली गुडघ्याला. कुणाला सांगितलं नाही. शाळेच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, धरणाऱ्याला चालायला त्रास आहे का. हो म्हटलं की कुत्रा जातो, असं ऐकलं होतं. म्हणून नाही म्हणत गेलो. मला वाटायचं मी नुसता हात ठेवतो. शप्पथ सांगतो बाई, मला वाटायचं नुसता हात ठेवतो.”

बाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. “माझंही चुकलं. साज पहिल्याच दिवशी बघायला हवा होता.”

“मग आता गुडघ्यात टोचा की सुया. जितक्या हव्या तितक्या.”

“मला माणसांना हात लावायची परवानगी नाही. तुम्ही चार पायांवर चालत आलात तर विचार करीन.”

वेतवाले दोन दिवसांनी पहिल्यांदा हसले.

कोपऱ्यावरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे त्यांना वन्सं स्वतः घेऊन गेल्या. आत काय बोलणं झालं ते बाहेर आल्यावर वन्संनी हातवारे करून सांगितलं. गुडघा झिजलाय, पण अजून हातातून गेलेला नाही. इंजेक्शन दिलं, घट्ट पट्टा दिला, मांडीचे व्यायाम दिले. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर बसता कसे? तर हे म्हणाले, बुटक्या पाटावर, पाय मुडपून, पस्तीस वर्षं. डॉक्टर म्हणाले, अहो, धंदा काय तुमचा? म्हणाले, खुर्च्या विणतो.

“डॉक्टर हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले,” वन्सं म्हणाल्या. “हजारभर खुर्च्या विणल्या आणि एकीवर बूड टेकलं नाही या माणसाने!”

त्या संध्याकाळपासून वेतवाले खुर्चीवर बसून खुर्च्या विणायला लागले. त्यांचा हात आठ दिवस रुसून होता, विणीचा चौकोन तिरका यायचा. पण गुडघ्याची सूज उतरायला लागली.

खरी अडचण सवयीची होती. गुडघा थोडा बरा झाला तरी हात जुन्या चालीने दाबायचाच. वेतवाल्यांना ते जाणवायचं नाही, आणि दर पावलाला ‘दाबलंत, दाबलंत’ म्हणून ओरडायला बाई काही त्यांच्या घरी राहायला जाणार नव्हत्या. उपाय शेवटी वेतवाल्यांनीच काढला. वेताची सगळ्यात बारीक सोललेली पट्टी त्यांनी पिशवीतून काढली, कोरडी, गवताच्या काडीएवढी. दांडी जिथे साजाला जोडली होती तिथल्या फटीत ती आडवी बसवली. दांडी हलकी धरली तर पट्टी तशीच राहायची. वजन पडलं की ‘कट्’ असा आवाज करून मोडायची. आणि आवाज तर वेतवाल्यांच्या कानांतून सुटायचा नाही.

दवाखान्याच्या मागच्या बोळात पहिल्या दिवशी एका फेरीत तेवीस पट्ट्या मोडल्या. वन्सं पायरीवर बसून मोजत होत्या आणि मोजता मोजता शेरे मारत होत्या.

“चौदा. वेतवाले, खुर्च्यांना वेत राहील ना?”

“तुम्ही गप्प बसलात तर राहील.”

“पंधरा.”

बाईंनी दांडीची लांबी दोन बोटं वाढवून घेतली, म्हणजे हात सैल लोंबता राहील आणि खांदा खाली खेचला जाणार नाही. साजाच्या आत जाड लोकरीची घडी शिवली. मुकादमच्या सुया चालूच होत्या, पाणी चालू होतं. आता फरक एवढाच, की बरी झालेली पाठ बरीच राहत होती. आठवड्याने फेरीला नऊ पट्ट्या. मग चार. मग एक दिवस वेतवाले पूर्ण फेरी मारून आले, आणि वन्सं तोंड उघडून बसल्या होत्या, पण त्यांना मोजायला काही मिळालं नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी बाईंनी मुकादमचा अहवाल लिहिला आणि वाचून दाखवला. ऐकता ऐकता वेतवाल्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“गुडघ्याचं लिहायलाच हवं का? पाठ बरी झाली, एवढं पुरे नाही?”

“का दुखली ते लिहिलं नाही, तर हा कुत्रा कामचुकार होता आणि आता सुधारला, असा अर्थ होतो. मी अर्धवट लिहीत नाही.”

“आणि त्या म्हणाल्या, मग आम्ही नेतो, तर?”

“तर मी भांडेन. पण खोट्या कागदावर उभी राहून मला भांडता येत नाही.”

वेतवाल्यांनी खुर्चीचा हात सोडला. मग त्यांनी हात पुढे केला. “आणा तो कागद. मीच देईन त्यांना.”

तपासनीस बाई सकाळी साडेनऊला आल्या. उंच, काटक, केस आखूड कापलेले, पायात जाड तळव्यांचे बूट, बोलणं तोलूनमापून. वेतवाल्यांनी त्यांना कागद दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला.

“गुडघ्याचं हे तुम्हाला किती दिवस माहीत होतं?”

“दोन वर्षं.”

“फॉर्मवर तर ‘नाही’ आहे.”

“खोटं लिहून घेतलं मी. तुम्ही याला न्याल म्हणून.”

“मग आज कशाला सांगताय? आज तर जास्तच धोका आहे.”

“कारण माझं दुखणं याच्या नावावर लागलं, बाई. याने दोन वर्षं माझं ओझं वाहिलं आणि कागदावर हाच चोर ठरला. न्यायचंच असेल तर न्या. पण ते नाव पुसून न्या.”

तपासनीस बाईंनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. “चला. चालून दाखवा.”

वेतवाले आणि मुकादम पुढे, दोन पावलं मागे तपासनीस बाई, आणि वीस पावलं मागे डॉक्टरीणबाई आणि वन्सं. ‘तुम्ही यायचं नाही’ असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तेवढ्या आधारावर त्या निघाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंची नजर दांडीवरून हलत नव्हती. उजवा पाय टेकला, दांडी स्थिर. डावा टेकला, दांडी स्थिर. बाजाराचं वळण आलं. नेमक्या इथेच कुत्रा मागे पडायचा. वन्संनी बाईंचं मनगट धरलं. मुकादमने कान टवकारले, खांदे पुढे काढले आणि वळण असं घेतलं जसं काही ते त्याने स्वतःच बांधलं होतं.

पुलाच्या पायऱ्या चढले, उतरले. मोठा चौक ओलांडला. एका दुकानदाराने पुठ्ठ्याची खोकी रस्त्यावर मांडली होती, त्यांच्यामधून तिरके निघाले. आणि मग, बँकेच्या शेजारच्या बोळाच्या तोंडाशी, वेतवाले पाऊल उचलत असतानाच मुकादम थांबला.

विजेवर चालणारी स्कूटर होती. तिला आवाज नव्हता. चालवणाऱ्याचं लक्ष हातातल्या फोनवर होतं, आणि ती बोळातून सरळ वेतवाल्यांच्या अंगावर येत होती. डॉक्टरीणबाईंना ती दिसली, पण त्या वीस पावलं मागे होत्या. मुकादम नुसता थांबला नाही. तो वळला, वेतवाल्यांच्या गुडघ्यांसमोर आडवा झाला आणि आपल्या खांद्याने, पाठीने, सगळ्या अंगाने त्यांना मागे रेटलं. एक पाऊल. दोन पावलं. दुखऱ्या पाठीच्या कुत्र्याला हे जमलं नसतं. आणि दांडीवर भार टाकून चालणारा माणूस अशा वेळी तोल जाऊन कुत्र्यावरच कोसळला असता. वेतवाले स्वतःच्या दोन पायांवर ताठ मागे आले, आणि स्कूटर त्यांच्या पोटासमोरून वीतभर अंतरावरून निघून गेली.

“काय होतं?” वेतवाल्यांनी विचारलं. “वारा आल्यासारखं वाटलं.”

“स्कूटर होती,” तपासनीस बाई म्हणाल्या. त्यांचा तोलूनमापून ठेवलेला आवाज पहिल्यांदा हलला. त्या खाली बसल्या आणि काम चालू असताना कुत्र्याला हात लावायचा नाही हा स्वतःच्याच शाळेचा नियम मोडून त्यांनी मुकादमचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “काय रे! काय रे मुकादमा!”

मग उठल्या, बँकेच्या भिंतीला कागद टेकवला आणि तिथेच लिहायला लागल्या. डॉक्टरीणबाई आणि वन्सं एव्हाना पळत पळत जवळ पोचल्या होत्या, आणि लपूनछपून यायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

“काय लिहिताय?” वन्संनी मान लांब करून विचारलं.

“लिहू द्या हो,” तपासनीस बाई म्हणाल्या. मग थांबून त्यांनी मोठ्याने वाचलं. “‘कुत्रा आणि धरणारा, दोघेही उत्तम चालतात. जोडी मोडू नये. मागच्या नोंदीत तपासणाऱ्याची चूक झाली होती, ती नोंद रद्द.’ आणि गुडघ्याचं ऐका, वेतवाले. गुडघ्यासाठी आम्ही कुत्रा काढून नेत नाही. वर्षातून दोनदा डॉक्टरांचा दाखला मागतो, बस. तुम्ही दोन वर्षं कुणाचं ऐकत बसलात?”

“लोक सांगायचे.”

“लोकांना कुत्रा दिलाय का आम्ही?”

वेतवाल्यांनी वाकून मुकादमच्या कानामागे बोटं फिरवली. डॉक्टरीणबाईंना वाटलं आता काहीतरी मोठं बोलावं, एवढे दिवस मनात घोळलेलं. पण त्यांच्या तोंडून निघाली ती शिट्टी. लहानपणी भावंडांत शिकलेली, दोन बोटं तोंडात घालून मारलेली, अशी सणसणीत की बँकेचा पहारेकरी दारात आला.

“वहिनी!” वन्सं म्हणाल्या. “मला कधी शिकवली नाहीत ती!”

“परीक्षा संपली ना, बाई?” वेतवाल्यांनी विचारलं.

“संपली.”

“म्हणजे आता कुठे जायचं ते मी ठरवायचं?”

“तुम्हीच ठरवायचं.”

“मुकादम,” वेतवाले म्हणाले, “घरी नाही. सरळ. नदीपर्यंत.”

मुकादम निघाला. आता मागे तपासणारं कुणी नव्हतं आणि खाली दुखणारं काही नव्हतं. दोघांची चाल वाढत गेली. लोक बाजूला होत होते, आणि वेतवाल्यांची टोपी गर्दीवरून तरंगत लांब चालली होती. तिघी बायका मागून निघाल्या. आधी झपाझप, मग जवळजवळ धावत. डॉक्टरीणबाईंची चप्पल निसटली, तपासनीस बाईंनी ती उचलून हातात घेतली.

“अहो वेतवाले!” वन्संनी धापा टाकत हाक मारली. “जरा हळू! इथे डोळस माणसं मागे पडली!”